कलंदर आणि खतावणी

बैठक देवळाच्या सभामंडपात होती आणि आमच्या तालुक्यातल्या एका गावच्या साहित्य संमेलनाची आखणी चालली होती. उद्घाटक ठरले, ग्रंथदिंडीची वाट ठरली, दुपारच्या जेवणाला झुणका-भाकर की पुलाव यावर अर्धा तास गेला. मग एका तरुण शिक्षकाने परिसंवादासाठी विषय सुचवला, 'कलंदर लेखकांची मैत्री'. त्यावरून जे भांडण पेटले ते घरी येऊनही माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहायला बसलो.

सीमाभागाबाहेरच्या वाचकाला एक सांगायला हवे. बेळगावजवळच्या कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशा गावांतून आमच्याकडे गावपातळीवरची मराठी संमेलने भरतात. ती लोकवर्गणीवर होतात, मांडव गावकरीच घालतात, आणि व्यासपीठावर कोण बसले याला इथे राजकीय अर्थ असतो. त्यामुळे विषयावरचे भांडण हे नुसते विषयावरचे नसते. एक ज्येष्ठ कार्यकर्ते, ज्यांनी सीमालढ्यात काठ्या खाल्ल्या आहेत, ताडकन म्हणाले, "आम्हांला हितं फलकावर मराठी अक्षर राहावं म्हणून भांडावं लागतंय. दारू पिऊन कविता करणाऱ्यांची दोस्ती ऐकायला कुणाला येळ हाय?" त्यावर मागच्या रांगेतून उत्तर आले, "काका, लेखक असाच असतोय की. घर मोडल्याशिवाय कविता येत नाही. आपल्याकडे मुंबईसारखा कवींचा अड्डाच झाला नाही, म्हणून आपलं साहित्य वर येईना." दोन वेळा चहा झाला, आवाज चढले, आणि शेवटी विषय बदलून 'सीमाप्रश्न : काल, आज आणि उद्या' असा ठेवला गेला. या विषयावर मी स्वतः तीनदा बोललो आहे. चौथ्यांदाही बोलेन.

माझी तक्रार विषय पडल्याची नाही. दोन्ही बाजूंनी ज्या मैत्रीबद्दल तावातावाने बोलले जात होते, तशी मैत्री साहित्यात फारशी झालेलीच नाही, ही आहे. काकांना कलंदरांच्या टोळीची भीती वाटते, पोरांना तिचे वेड लागले आहे, पण टोळी एकाच वाणाच्या माणसांची असते हे दोघांनी धरूनच चालले आहे. मला वाटते, लिहिण्याच्या कामी आलेली मैत्री बहुधा विजोड माणसांची असते. एक उधळतो, दुसरा वेचतो. एक ठरलेल्या वेळी येत नाही, दुसरा थांबून राहतो. आणि मुंबई-पुण्यापेक्षा आमच्या सीमाभागाला अशा विजोड जोड्यांची गरज जास्त आहे, कारण आमचे कागद वेचायला कुठलेही सरकार यायचे नाही. हे पटवायला मला फार लांब जावे लागत नाही.

कथाकार जी. ए. कुलकर्णींचा जन्म १९२३ साली चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचा. वाढले बेळगावात, नोकरीचे आयुष्य गेले धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवण्यात. डोळ्यांवर काळा चष्मा, सभा-समारंभांचे वावडे, व्यासपीठ दिसले की वाट बदलणार. 'काजळमाया' या कथासंग्रहाला मिळालेला साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांनी परत केला. असा माणूस आमच्या बैठकीला आला असता तर दोन्ही पक्षांची पंचाईत झाली असती. काकांच्या दृष्टीने हा कुठल्याच मोर्चात नव्हता. पोरांच्या दृष्टीने हा कसला कलंदर, वर्गावर वेळेवर जाणारा आणि घरच्यांत राहणारा? पण या एकांड्या माणसाची मैत्री पाहा कुणाशी. एक म. द. हातकणंगलेकर. तेही इंग्रजीचेच प्राध्यापक, पण सांगलीच्या चार लोकांत रमणारे, भाषणे करणारे, सगळ्यांशी राखून असणारे. २००८ साली सांगलीच्या अखिल भारतीय संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ज्या खुर्चीच्या आसपास जी.ए. फिरकलेही नसते, त्या खुर्चीवर त्यांचा मित्र बसला. दुसरी मैत्री सुनीताबाई देशपांड्यांशी. म्हणजे ज्या घरात पु.ल. होते, त्या घराशी! पु.लं.नी बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात काही काळ शिकवले. इथली कानडी हेल काढून बोललेली मराठी त्यांनी उभ्या महाराष्ट्राला ऐकवली. पु.ल. येणार म्हटले की सभागृह भरायचे, आणि जी.ए. भरलेल्या सभागृहातून मागच्या दाराने पळणारे. भेटी मोजक्याच झाल्या. मैत्री वाढली ती पोस्टावर, पानेच्या पाने लिहिलेल्या पत्रांतून.

आता जी.ए. १९८७ साली गेले, आणि पत्रे मागे उरली. ती कुणी ठेवली? बेशिस्त मित्राने ठेवली असती का? ज्याला तारखेची, पत्त्याची, पाकिटाची कदर आहे अशा माणसांनी ती ठेवली, लावली, निवडली. आज आपल्याला जी.ए. माणूस म्हणून जे काही कळतात, त्यातला मोठा वाटा या पत्रांचा आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही. ज्याने जन्मभर स्वतःला काळ्या काचेआड ठेवले, त्याची खासगी पत्रे मित्रांनी छापावीत का? ही मैत्री झाली की विश्वासघात? काही जण म्हणतात, इतकी घोटून लिहिलेली पत्रे लिहिणाऱ्याला वाङ्मय म्हणूनच अभिप्रेत होती. हे उत्तर मला जरा सोयीचे वाटते. माणूस सुंदर बोलतो म्हणून त्याचे बोलणे चव्हाट्यावर मांडायची परवानगी मिळत नाही. तरी मी छापण्याच्या बाजूने आहे, आणि कारण स्वभावाचेच आहे. जी.ए. काही भोळे नव्हते. पत्रे सांभाळून ठेवणाऱ्या माणसांना आपण लिहितो आहोत, हे त्यांना कळत असणारच. लपायचेच असते तर त्यांना विसराळू मित्र मिळाले नसते का? त्यांनी नीटनेटके मित्र निवडले. पुढचे काम त्या मित्रांनी आपल्या स्वभावाला धरून केले.

पोरांनी ज्या मुंबईच्या अड्ड्याचा हवाला दिला, तिकडे वळू. कवी अरुण कोलटकर मूळचे कोल्हापूरचे, म्हणजे आमच्यापासून दोन-अडीच तासांच्या वाटेवरचे. काळा घोड्याजवळच्या उपाहारगृहातले त्यांचे टेबल, लांब केस, मिशा, कमी बोलणे, प्रकाशनाबद्दलची बेफिकिरी हे सगळे आता आख्यायिकेत जमा झाले आहे. पण हिशेब करा. 'अरुण कोलटकरच्या कविता' आला १९७७ साली, आणि त्यानंतरचे मराठी पुस्तक थेट २००३ साली. मध्ये सव्वीस वर्षे. मग दीड-दोन वर्षांत 'चिरीमिरी', 'भिजकी वही', 'द्रोण', इंग्रजीतली दोन वेगळीच, आणि सप्टेंबर २००४ मध्ये कवी गेला. कॅन्सर दाराशी उभा होता आणि मित्रमंडळी कामाला लागली होती. अशोक शहाणे आणि त्यांचे 'प्रास प्रकाशन' नसते तर त्या मराठी वह्यांचे काय झाले असते, हा विचार मला मध्यरात्री अस्वस्थ करतो. शहाणे तरी कुठे सरळमार्गी! १९६३ साली समकालीन मराठी वाङ्मयावर 'क्ष' किरण टाकणारा लेख लिहून त्यांनी अख्ख्या साहित्यदरबाराला बोचकारले होते. म्हणजे वेचणारा माणूस मऊ किंवा आज्ञाधारक असावा लागतो असेही नाही. शहाण्यांची जीभ तिखट, पण कवितेचे पान अक्षर न अक्षर तपासून छापायचे. कोलटकर गप्प, शहाणे बोचरे. दोघेही गप्प असते तर?

मनोहर ओकची गोष्ट याहून करुण आहे. अड्ड्याच्या स्वप्नाला भुललेल्या प्रत्येक पोराने ती ऐकावी. खरा भणंग कवी, १९९३ साली गेला. त्याच्या मागे कवितांचे जे पुस्तक उरले, त्यातल्या ऐंशी कविता चंद्रकांत पाटील आणि तुळसी परब यांनी निवडून काढल्या. पाटील हे विज्ञानाचे प्राध्यापक. भणंगाच्या कविता प्राध्यापकाने वाचवल्या, हे अड्ड्याच्या दंतकथेत कुणी सांगत नाही. कारण अड्ड्यात रात्र कशी गेली याचे वर्णन करता येते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी कागद कुणी उचलले याचे करता येत नाही.

काकांच्या बाजूचा सर्वांत जड मुद्दा मी अजून घेतलेला नाही. त्यांचे म्हणणे असे की दबावाखालच्या भाषेला एकजुटीची गरज असते. छंदिष्टपणा ही सुरक्षित भाषेची चैन आहे. याला इतिहास आहे. १९४६ साली बेळगावातच ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली संमेलन भरले आणि तिथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. लेखकांनी एका आवाजात बोलायचा तो क्षण होता. दहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. मग सीमावादावरचा महाजन आयोग, मग २००४ पासून सर्वोच्च न्यायालय. आमच्या घराघरांत सत्तर वर्षांची दमछाक आहे. मराठी शाळेचा पट मोजताना दर जूनला छातीत धडधडते. ज्या माणसाने हे सगळे अंगावर घेतले त्याला 'तुम्ही संकुचित आहात' असे म्हणणे उद्धटपणा आहे, आणि बैठकीत एकाने ते म्हटले तेव्हा मला लाज वाटली.

पण त्याच लढ्याकडे नीट पाहा. संयुक्त महाराष्ट्र समिती एका स्वभावाची होती का? एकीकडे आचार्य अत्रे : गडगडाटी, अतिशयोक्तीचे सम्राट, 'मराठा'च्या पहिल्या पानावरून रोज तोफा डागणारे. दुसरीकडे एस. एम. जोशी : सौम्य, शब्द तोलणारे, विरोधकाचाही आब राखणारे. एक नाटककार, एक सत्याग्रही. त्या दोघांना एकाच व्यासपीठावर पाहून लोकांना अवघडल्यासारखे वाटले नाही, कारण अत्र्यांनी पेटवलेली सभा शिस्तीत घरी नेणारा माणूस लागतो हे लोकांना कळत होते. शाहिरांचेही तसेच. अमर शेखांचा पहाडी आवाज आणि अण्णा भाऊ साठ्यांची कथा सांगायची लकब या दोन वेगळ्या धातूच्या वस्तू होत्या. सगळेच अत्रे असते तर समिती महिनाभरात फुटली असती, आणि सगळेच एसेम असते तर शिवाजी पार्क भरले नसते. ज्या एकजुटीचा आपण दाखला देतो ती विजोडांची एकजूट होती. आज तिच्या नावाने आपण एकाच सुराची माणसे गोळा करतो आहोत.

आणि हे फक्त मराठीपुरते नाही, म्हणूनच इथे बोलायला अवघड जाते. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ जमले. फार्सीत बुडालेले, मनस्वी माधव जूलियन आणि घरगुती मायेचे कवी यशवंत एकाच मंडळात होते. त्याच दशकात धारवाडात 'गेळेयर गुंपु', म्हणजे शब्दशः मित्रांचे टोळके, उभे राहिले. त्याच्या मध्यभागी द. रा. बेंद्रे होते. घरची भाषा मराठी, कविता कन्नड, बोलण्यात वीज, आणि उतारवयात आकड्यांच्या गूढात हरवून जाणारे. त्याच वर्तुळात शं. बा. जोशी होते, आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, पेशाने शिक्षक, शब्दाचे मूळ सापडेपर्यंत खणत राहणारे. त्यांनी मराठी संस्कृतीवर मराठीतही लिहिले. एक उडणारा, एक खणणारा. 'नरबलि' या कवितेपायी ब्रिटिशांनी बेंद्र्यांना बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या तुरुंगात टाकले. त्याच हिंडलग्यात आज १९८६च्या कन्नडसक्तीविरोधी लढ्यातल्या आमच्या हुतात्म्यांचे स्मारक आहे. एक जून आला की आम्ही तिथे जातो आणि फुले वाहतो. बेंद्र्यांचे नाव तिथे काढायची हिंमत मी कधी केलेली नाही.

पोरांनी ऐकावा असा आक्षेप स्वयंपाकघरातून येतो. कलंदरपणाचे बिल कोण भरते? रेव्हरंड टिळक मनात आले की उठून चालू लागायचे, हातातले देऊन टाकायचे, आणि संसार लक्ष्मीबाईंनी ओढायचा. बालकवींसारखा लहरी पोर काही काळ त्यांच्याच घरात राहिला. कविता टिळकांशी, ताटपाणी लक्ष्मीबाईंशी. 'कवीची मैत्री' म्हणून जे मिरवले जाते त्यात घरातल्या बाईचे नाव दुसऱ्या पानावरही नसते. लक्ष्मीबाईंनी पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिली नसती तर आपल्याला हे कळलेही नसते. हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो, आणि म्हणूनच घर मोडल्याशिवाय कविता येत नाही हे वाक्य मला सहन होत नाही. बेळगावात बसून तरी ते बोलू नये. इंदिरा संत इथल्याच. ना. मा. संत आणि त्यांनी मिळून 'सहवास' हा संग्रह काढला १९४० साली. सहा वर्षांनी ना. मा. गेले. मग नोकरी, मुले, घर, आणि त्या सगळ्यातून 'शेला', 'मृगजळ', 'गर्भरेशीम'. कुठला अड्डा, कुठली रात्र? इकडे निपाणीत महादेव मोरे पिठाच्या गिरणीत बसून लिहीत राहिले, कपड्यांवर पीठ आणि कथेत तंबाखूच्या वखारीतल्या बाया. या दोघांना कलंदर म्हणायचे का? मला नाही वाटत. पण त्यांच्याकडे पाहून कुणी असेही म्हणू नये की मग सगळ्यांनीच असे व्हावे.

आता माझा स्वतःचा दाखला. तो छोटा आहे, पण हे सगळे मी त्याच्यावरूनच शिकलो. आमच्या गल्लीत एक कवी होता. शिंप्याचे काम, तेही मनात आले तर. कविता तो बसच्या तिकिटामागे, कापडाच्या बिलावर, सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या कागदावर लिहायचा आणि बसस्टँडजवळच्या चहाच्या गाड्यावर वाचून तिथेच टाकून द्यायचा. त्याच गाड्यावर एका पतपेढीतले कारकून रोज साडेपाचला चहा प्यायला येत. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं, बोलणे हिशेबी. त्यांनी एकदा पायाखालचा एक कागद उचलला, आणि मग पंचवीस वर्षे उचलत राहिले. पतपेढीची एक कोरी खतावणी त्यांनी पैसे भरून घेतली होती. तिच्यात डाव्या बाजूला तारीख, उजव्या बाजूला कविता. दोघांचे रोज वाजायचे. कवीला ओळ बदलायची असे, अण्णा म्हणत, "तारीख पडली, आता खोडाखोड नाही. नवी नोंद कर." कवी शिव्या देई, त्याही कानडीत, कारण कानडी शिव्या त्याला जास्त रसरशीत वाटत. अण्णा न हसता ऐकून घेत. त्यांची घरची भाषाच कानडी. मराठी ते शाळेत शिकले होते आणि खतावणीतले त्यांचे मराठी अक्षर आमच्यापेक्षा देखणे आहे.

कवी गेला त्याला बरीच वर्षे झाली. त्याच्या घरच्यांकडे एक ओळ नाही. जे आहे ते अण्णांच्या खतावणीत आहे. एका संस्थेच्या व्यासपीठावर मी अण्णांना बोलवा म्हणालो होतो, तेव्हा दोन प्रश्न विचारले गेले : ते स्वतः काय लिहितात? आणि ते आपले आहेत का? पहिल्याला उत्तर नव्हते. दुसऱ्याचे होते, पण विचारणाऱ्याला ते ऐकायचे नव्हते.

म्हणून बैठक संपता संपता मी एक सूचना केली. परिसंवाद तुमचाच राहू द्या. फक्त मांडवाच्या कडेला एक टेबल आणि एक तास द्या. भाषण नाही, हार-तुरे नाहीत. कुणाकडे कुणाच्या जुन्या वह्या, पत्रे, चिटोऱ्या असतील त्यांनी आणाव्यात. दोन पोरे मोबाइलवर पाने टिपून घेतील आणि समोर बसलेला माणूस सांगेल की हे कुणाचे आणि आपल्याकडे कसे आले. काका बराच वेळ गप्प होते. पोरेही. मग काकांनी, मला वाटते खरेच काळजीने, विचारले, "आणि त्यात कानडी निघालं तर?"

निघणार की. अण्णांच्या खतावणीत चौदाव्या पानापासून समासातल्या सगळ्या नोंदी कानडीतच आहेत : कुठली ओळ कवीने चहा सांडून बदलली, कुठली रडत म्हटली, आणि त्या दिवशी चहाचे पैसे कुणी दिले.